जेवणाच्या टेबलावरून

मी टेबल बोलतोय. जेवणाचं टेबल, एका पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या घरातलं. मला सवय ऐकायची आहे, बोलायची नाही. तेव्हा सावकाश बोलेन, तुम्हीही सावकाशच ऐका.

टेबल होण्याआधी मी बाक होतो. एक नव्हे, बरेच. पाळकांच्या मंडळीच्या प्रार्थनामंदिरात नवे बाक आले आणि जुने मागच्या अंगणात ढीग करून टाकले. जाळायला म्हणून ते एका म्हाताऱ्या सुताराकडे गेले, पण त्याला जाळवेनात. त्याने धड फळ्या निवडल्या, रंधा मारून जोडल्या, चार पाय लावले आणि नव्या पाळकांच्या लग्नात मला आहेर म्हणून आणून ठेवलं.

"पाळकसाहेब, या लाकडावर बसून लोकांनी उपदेशात लई डुलक्या काढल्यात," तो म्हणाला. "आता यावर जेवा. जेवताना कोणी झोपत नाही."

नवी नवरी पदर तोंडाला लावून हसली. त्या घरात मी ऐकलेलं ते पहिलं हसू.

पाळकीणबाई शिवणकाम करायच्या. दिवसा त्या माझ्यावर शाळेच्या गणवेशांचं कापड पसरायच्या आणि खडूने रेघा मारून कापायच्या. संध्याकाळी कापड उचललं की ताटं यायची. मध्ये कधीतरी पाळक पवित्र शास्त्र उघडून रविवारचा उपदेश लिहायचे. कापड, ताट आणि शास्त्र, तिघांना मी पुरायचो. कोणी कोणाला ढकलत नव्हतं.

मग मुलगी झाली. गोल गरगरीत, म्हणून तिला सगळे गोटी म्हणू लागले. ती रांगायला माझ्या पायांमध्ये शिकली आणि उभी राहायला माझा पाय धरून. दात येताना तिने माझी एक कड चावून खाल्ली. त्या खुणा मी अजून बाळगून आहे. माणसं दागिने बाळगतात तशा.

त्या घरात एक रीत होती. रात्रीचं जेवण झालं की ताटं तशीच ठेवायची, डोळे मिटायचे आणि एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. मनात असेल ते बोलायचं. आणि बाईंचा एक नियम होता: "आमेनच्या आत जे बोललं ते आमेनच्या आतच." नंतर त्यावर हसायचं नाही, रागवायचं नाही, विषय काढायचा नाही.

गोटी लहान असताना एकदा म्हणाली, "देवा, आईची कात्री मी कपाटामागे टाकली आहे. ती तिला सापडू दे, पण मला ओरडा पडू नको दे. आमेन."

बाई उठल्या, कपाटामागून कात्री काढली, खुंटीला अडकवली आणि भांडी घासायला गेल्या. एक शब्द नाही. माझ्या वरच्या फळ्यांनी आयुष्यभर उपदेश ऐकले होते, पण असा ऐकला नव्हता.

ब्लॉग आला तो चांगल्या पावलांनी आला, हे मला सांगितलंच पाहिजे. मंडळीतले एक म्हातारे गुरुजी अंथरुणाला खिळले होते. ते म्हणाले, "पाळकसाहेब, मला यायला जमत नाही. तुमचा उपदेश त्या कॉम्प्युटरवर लिहून टाकाल का? सून मला वाचून दाखवेल." पाळकांनी एक जुना लॅपटॉप मिळवला आणि माझ्यावर ठेवला. ब्लॉगला नाव दिलं, 'जेवणाच्या टेबलावरून'. लाकडाला कुठलं मांस, पण त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर चढलं.

आधी नुसते उपदेश असायचे. गुरुजी सुनेकडून ऐकायचे, आणखी दोनचार आजारी माणसं वाचायची. मग एकदा पाळकांनी गोटीची एक गंमत लिहिली. त्याखाली कुठल्या कुठल्या माणसांनी उत्तरं लिहिली. ओळख ना पाळख, पण म्हणे वाचून आमचं मन हलकं झालं. पाळक ती उत्तरं पुन्हापुन्हा वाचायचे. मंदिरात लोक दारात हात मिळवून निघून जात. इथे लोक थांबत होते.

तेव्हापासून घरातलं काहीबाही माझ्यावरून उचलून तिकडे जाऊ लागलं. बाईंचं दूध उतू गेलं, गोटीचे गणितात गुण गेले, नवराबायकोचं भांडण आणि त्यातून मिळालेला बोध.

"अहो, माझं दूध उतू गेलेलं परक्या देशातल्या माणसाला कशाला?"

"अगं, त्यातून लोकांना धीर मिळतो."

"जग जेवलं का विचारताय. घर जेवलं का ते बघा. ताट निवतंय."

"एवढी ओळ संपवतो."

ही 'एवढी ओळ' कधी संपत नसे. गोटी वही घेऊन शेजारी उभी राहायची आणि मग वही मिटून जायची. तिला पुढे उभं राहायचीही गरज वाटेनाशी झाली. गुरुजी अगदी शेवटाला आले तेव्हा त्यांच्या सुनेने माणूस पाठवला. पाळक माझ्याशी बसून कुणा अनोळखी बाईला सांत्वन लिहीत होते. "एवढी ओळ," म्हणाले. लिहून, चपला घालून ते पोचले तेव्हा गुरुजींचा चेहरा झाकला होता. त्या दिवशी ते परत येऊन माझ्यावर डोकं टेकून बसले. बाईंनी चहा ठेवला. मला वाटलं, आता थांबतील. ते थांबले नाहीत. गुरुजींच्या मरणावर त्यांनी फार सुंदर लिहिलं.

गोटी मोठी झाली. कॉलेजात जाऊ लागली, आणि संध्याकाळी तिची प्रार्थना आखूड होत गेली. एका संध्याकाळी प्रार्थनेला तिचा नंबर आला. तिची बोटं माझ्या कडेवर होती, त्या लहानपणच्या दातांच्या खुणांवर. मग ती हळूच म्हणाली,

"देवा, तू आहेस की नाही हेच मला हल्ली कळत नाही. मी बोलते ते भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. बाबांना हे कसं सांगू, ते तूच सांग. असलास तर. आमेन."

बाईंनी डोळे उघडले नाहीत. पाळकांनी उघडले. मला त्यांचा तळहात जाणवत होता, ओला झाला होता. पण नियम होता. सगळे उठले, ताटं उचलली गेली.

आजवर मी त्या घरात ऐकलेली ती सगळ्यात खरी प्रार्थना. आणि ती बाबांच्या समोरच केली होती, हेही बघा. म्हणजे सांगितलंच होतं तिने त्यांना. आमेनच्या आत.

पहाटे पाळक लॅपटॉप उघडून बसले. रडत होते. त्यांच्या रडण्यात खोट नव्हती, माझ्यावर पडलेलं पाणी मला कळतं. त्यांनी लिहिलं, 'प्रार्थनेची विनंती'. विश्वासात वाढलेल्या, पण आता विश्वासात थंड पडत चाललेल्या एका मुलीसाठी प्रार्थना करा. देवाशी बोलणं तिला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. आधी 'माझ्या मुलीसाठी' लिहिलं होतं, ते पुसून 'एका मुलीसाठी' केलं. दोनदा वाचलं, नाव कुठे नाही ना बघितलं. मग बोट दाबलं.

रविवारी गोटी उपासना सोडून एकटीच घरी आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. उपासना संपल्यावर आईवडील आले.

"बाबा, मंडळीच्या सचिवकाकांनी व्यासपीठावरून सांगितलं, आपल्या पाळकांच्या कुटुंबाला आज प्रार्थनेची गरज आहे. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. सगळे."

"गोटी, अगं ऐक..."

"काल बेकरीवाल्या मावशींनी पाव देताना माझा हात सोडला नाही. म्हणाल्या, आम्ही बायकांनी तुझ्यासाठी उपास धरलाय, बाळ. भिंतीशी बोलू नकोस, आमच्याशी बोल. भिंत, बाबा. तो शब्द मी फक्त इथे बोलले होते."

"मी नाव घातलं नव्हतं. देवाशपथ नाव घातलं नव्हतं."

तेव्हा बाई बोलल्या. आवाज न चढवता.

"अहो, ब्लॉगचं नाव काय?"

पाळकांनी खुर्चीची पाठ धरली.

"आणि या टेबलाशी मुली किती बसतात?"

पाळक खुर्चीत बसले. त्यांचं लक्ष आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे गेलं असावं. मला जर आत कुठे शिरता आलं असतं तर शिरलो असतो. ज्या नावाचा मी तोरा मिरवला होता, त्यानेच पोर उघडी पडली होती.

त्यांनी ते लिहिलेलं लगेच काढून टाकलं. पण सचिवकाकांनी ते आधीच सगळ्यांच्या फोनवर पाठवलं होतं. दूध सांडलं की पुसता येतं हो. पण फळ्यांच्या फटीत उतरलेलं दूध वास मारत राहतं.

त्या संध्याकाळी जेवण झालं, डोळे मिटले. गोटीचा नंबर आला.

"देवा, जेवणाबद्दल आभार. आमेन."

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. पुढे रोज तेच. शब्द चोख, आवाज गोड, आत काही नाही. पाळक तिला म्हणाले, "गोटी, मला माफ कर." ती म्हणाली, "केलं, बाबा." पाण्याचा तांब्या पुढे सरकवावा तसं म्हणाली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. भांडणात माणूस समोर तरी असतो.

पाळकांनी ब्लॉग बंद केला. लॅपटॉप कपाटात गेला. ते घरी वेळेवर जेवू लागले, बाईंना कापड धरायला मदत करू लागले, 'एवढी ओळ' म्हणायला ओळच राहिली नाही. घराला जे हवं होतं ते सगळं त्यांनी दिलं. पण ज्या खुर्चीला ते हवं होतं, ती तोवर रिकामी झाली होती. गोटीला लांबच्या शहरात नोकरी लागली. सुट्टीला येते तेव्हा ताट घेऊन ओट्याशी उभी राहून जेवते. "दिवसभर बसूनच असते गं आई," म्हणते. बाई मान हलवतात. आईला कारण कळतं, म्हणून ती विचारत नाही.

परवा तिचा फोन आला. पाळक माझ्याशीच बसून शेंगा सोलत होते. घरात शांतता होती, त्यामुळे तिचा आवाज मला ऐकू आला. काहीतरी सांगायला फोन केलाय हे त्या आवाजावरूनच कळत होतं. जड होता, रडून झाल्यासारखा.

"बाबा, जरा बोलायचं होतं."

"बोल ना बाळा. बोल."

"कुठे बसलाय तुम्ही?"

खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. "टेबलाशी," ते म्हणाले.



"बरं. नंतर करते."

पाळक फोन घेऊन बाहेर गेले, पायरीवर जाऊन बसले. बाईंनी दारातून पाहिलं, त्यांना हाक मारली नाही. उन्हं उतरली तरी ते तिथेच होते, फोन मांडीवर ठेवून. तो पुन्हा वाजला नाही.

आज सकाळी बाईंनी मला पुसलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि त्या खुणांच्या कडेला फडकं जरा थांबलं. मग त्यांनी सुताराच्या मुलाला निरोप पाठवला. उद्या तो मला घेऊन जाणार आहे. कोणाच्या घरी, ते ठरलेलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. मी तुमच्याकडे आलो तर माझ्यावर जेवा, कापड कापा, पोरांना माझी उरलेली कड चावू द्या. एखाद्या संध्याकाळी तुमच्यापैकी कोणी डोळे मिटून काही बोलेल. तेव्हा त्याच्या शेजारी बसून राहा. मग उठा, ताटं उचला, हात धुवा. बोललेलं माझ्यावरच राहू द्या. मी लाकूड आहे, मुरवून घेईन.