कावीळ नव्हती

प्रीतलचे डोळे जन्मापासून पिवळे. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात सगळे तिला कावीळच आहे असं समजत, म्हणून लागण होईल या भीतीने तिच्या पेल्याने कोणी पाणी पीत नसे. तिची आई रोझलीन वसईच्या बाजारात मासळी विकायची, पण लेकीला मात्र पेज आणि उकडलेली भाजी द्यायची. तेलाचा थेंब नाही. गळ्यात काविळीवरच्या मुळ्यांच्या माळा बांधून झाल्या, झाडपाल्याचे रस पाजून झाले. पिवळेपणा कमी व्हायचा आणि ताप आला की पुन्हा चढायचा.

२००२ साली, अकरावीत, साध्या तापातून उठल्यावर तिला जिना चढताना धाप लागू लागली. स्टेशनजवळच्या डॉक्टर सुमेधांनी तिचं पोट तपासलं, जुने रिपोर्ट एकेक करून वाचले.

"लिव्हर दर वेळी चांगलंच आलंय. रक्त मात्र कमी, आणि प्लीहा वाढलीय. ही नेहमीची कावीळ नाही."

रक्त मुंबईला गेलं. शेजारणीने कॅन्सरचं नाव काढलं आणि रिपोर्ट येईपर्यंत तीन आठवडे रोझलीनचा रात्री डोळा लागेना.

"पायरुवेट कायनेज," रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाल्या. "रक्तातल्या तांबड्या पेशी साखरेतून ताकद मिळवतात, त्यासाठी लागणारं हे एन्झाइम. प्रीतलमध्ये ते फार कमी आहे. म्हणून पेशी लवकर फुटतात, त्यातून पिवळं द्रव्य सुटतं आणि डोळे पिवळे दिसतात."

"म्हनजे कॅन्सर नाय?"

"नाही. आणि हिच्यामुळे कुणाला लागणही होणार नाही. जन्मतःच आहे हे, आई-वडील दोघांकडून आलेलं."

रोझलीनचा चेहरा उतरला. "माज्याकडून?"

"तुम्हा दोघांना काही त्रासच नाही, तर कळणार कसं? पूर्ण जाणार नाही, पण सांभाळता येतं. फॉलिक ॲसिडची गोळी रोज. ताप आला की लगेच यायचं, लागलं तर रक्त चढवू. यात पित्ताचे खडे होऊ शकतात, म्हणून वर्षातून एकदा सोनोग्राफी."

"आनी पथ्य?"

"कसलं पथ्य?"

प्रीतलने घाईघाईने विचारलं, "मी तळलेले बोंबील खाऊ?"

"जुन्या सोनोग्राफीत खडे नाहीत अजून. खा की!"

प्रीतल खळखळून हसली. रोझलीनने पदर तोंडाला लावला. "सोळा वर्सं मी हिला..."

"आई, पुरे गं. बाहेर माणसं बसलीत."

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकताच रोझलीन घोरायला लागली. पाचूबंदर आलं, प्रीतलने हलवलं तरी जागी होईना, शेवटी कंडक्टरनेच हाक मारली.