उंबऱ्यावरचा बाक

"सर, वेटिंगवरच्या मुली मोठ्या कधी होतात?"

मिसबा आणि धनश्रीनं पैज लावली होती, की हा प्रश्न मी सगळ्यांसमोर विचारायचा. जिंकले तर मिसबाच्या परसातले पेरू, हरले तर दोघींची दप्तरं मी उचलायची. "तू नाही विचारणार," मिसबा म्हणाली होती. "तुझा कंठ आत्ता कुठं फुटलाय. कच्चाय अजून." म्हणून मी उभी राहिले आणि आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं.

डोक्यावरचा पंखा फिरता फिरता थांबला. निवासी शाळेकडून परीक्षेची माहिती द्यायला गायधनी सर आले होते, त्यांनी चष्मा काढला.

"वेटिंगवर कुणी आहे का घरी?" त्यांनी विचारलं.

"ताई आहे."

माझी ताई, शिवकन्या, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. ती अकरा वर्षांची आहे आणि मी चौदाची. पाचवीत तिनं निवासी शाळेची प्रवेश परीक्षा दिली. आख्ख्या जिल्ह्यातून पोरं बसतात, शाळा ऐंशीच घेते, आणि त्यांच्याखाली थोडी नावं वेटिंगला ठेवते. ताईचं नाव तिथं आलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा केंद्रातला बाक आमच्या मागच्या खोलीत होता आणि ताई त्याच्यावर बसलेली होती. बाकावर तिचा परीक्षेचा नंबर खडूनं लिहिलेला होता. आईनं ओलं फडकं मारून पाहिलं. पुसला नाही.

वरच्या ऐंशीतल्या कुणी शाळा सोडली, की बाक पुढे सरकायचा. मागच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून मधल्या खोलीत. बाबा एसटीत कंडक्टर आहेत. ड्यूटीवरून आले आणि बाक सरकलेला दिसला, की ते बसमधल्या आवाजात ओरडायचे, "चला, पुढे सरका, पुढे सरका!" आणि आम्ही सगळे हसायचो. त्या पहिल्या पावसाळ्यात आमच्या घरात फार हसणं झालं. मग बाक उंबऱ्यावर आला. दोन पाय आत, दोन पाय बाहेर. ताई वेटिंगला पहिली आली, एकच जागा रिकामी व्हायची राहिली, आणि बाक थांबला.

तेव्हापासून आमचं दार लागलेलं नाही. घरात यायचं तर बाकावरून ढेंग टाकून यावं लागतं. शेजारच्या कोंबड्या बाकाखालून येतात. पाहुणे ढेंग टाकता टाकता ताईच्या डोक्यावर हात ठेवतात. "पहिला नंबर वेटिंगला! म्हणजे आलीच की हातात!" आणि बाबा म्हणतात, "एकच जागा तर राहिलीय."

ताईला तो परीक्षेचाच आकाशी फ्रॉक अजून बरोबर होतो. तिची एक दाढ पाच वर्षं हलतेय. आई रोज सकाळी तिच्या दोन वेण्या घालते, वरती बांधून, लाल रिबिनी. गल्लीतल्या सगळ्या धाकट्या बहिणी मोठीचे कपडे घालतात. मला मात्र दर वर्षी नवे मिळाले, कारण एका उन्हाळ्यात मी ताईच्या मापाची झाले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या पुढे गेले. त्याच सुमाराला माझा आवाज मोठा झाला. तोवर मी घुमी होते. आता मी वर्गात हात वर करते, गॅदरिंगमध्ये निवेदन करते, एसटीत मागच्या सीटवरून बाबांना हाक मारली तरी ड्रायव्हरकाका वळून बघतात.

"एवढी घोडी झालीस आणि मला ताई म्हणतेस?" ताई म्हणते. "लाज नाही वाटत?"

"मग काय म्हणू? शिवकन्ये?"

"थोबाड फोडीन. ताईच म्हण."

तिच्या मांडीवर कायम कागद असतो. त्या परीक्षेत एकच प्रश्न तिनं सोडला होता. कागदाची चौपदरी घडी दाखवलेली, घडीला एक भोक पाडलेलं, आणि उलगडल्यावर तो कागद कसा दिसेल ते चार चित्रांतून ओळखायचं. ताईला मनातल्या मनात घडी घालता येईना. कोरा कागद मिळत नाही म्हणाले, म्हणून तिनं फ्रॉकच्या घेराची घडी घातली, बोटं रोवली, आणि उलगडेपर्यंत घंटा झाली. उत्तरपत्रिकेतला तेवढा एक गोल कोरा राहिला. आता ती दिवसभर तेच करते. बाबांचा जुना चिमटा, पूर्वी तिकिटाला भोक पाडायचे तो, तिच्याकडे आहे. कॅलेंडर, पेपर, माझी भूगोलाची वही. घडी घालायची, टक, उलगडायची. आमच्या घरातल्या प्रत्येक कागदाला चार भोकं आहेत.

"क," ती म्हणते. "उत्तर क होतं गं."

तर, गायधनी सरांनी चष्मा परत घातला. "यादी सरकली की मोठ्या होतात," ते म्हणाले.

"पण सरकत नाही, सर. पाच वर्षं झाली."

"मग नाही सरकणार. त्या वर्षीच्या जागा सहावीतून सातवीत गेल्या, सातवीतून आठवीत. त्या आता दहावीत आहेत. अजून दोन वर्षांनी बारावी करून बाहेर पडतील. जागा मोठ्या होतात, मुली होत नाहीत."

"मग ताईनं कशाची वाट बघायची?"

"ते मी सांगू शकत नाही. नाव मात्र काढता येतं. घरातल्या मोठ्या माणसानं शाळेत येऊन सही करायची आणि घरी जाऊन मोठ्यानं सांगायचं. सांगेपर्यंत ते कच्चं असतं."

"सांगितल्यावर?"

"मुलगी उठते," सर म्हणाले. "आमच्याकडून एवढंच. आता नववीच्या परीक्षेकडे वळू. नववीला नवीन जागा नसतात, रिकाम्या झालेल्याच भरतात. काळं बॉलपेन आणा. गोल पूर्ण भरा."

पंखा परत सुरू झाला. मिसबानं पेरू दिले. आम्ही तिघींनी ते खाल्ले.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. ते बाकाशेजारी पायरीवर बसून बूट सोडत होते. ताई ऐकत होती, पण आपल्याबद्दल बोलणं चाललंय असा चेहरा तिनं केला नाही.

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले.

"माहीत आहे?"

"राजे, थांब्यावर उभा असलेला माणूस मी कधी सोडला नाही. गाडी भरलेली असली तरी दारात उभा करतो, पण घेतो. आणि पोटच्या पोरीचं नाव माझ्या हातानं खोडू?" त्यांनी नाड्या बुटांत कोंबल्या. "रुमाल टाकलाय तिनं जागेवर. रुमाल उचलायचा नसतो."

"पण बाबा, गाडीच गेलीय!"

आई आतून म्हणाली, "हळू बोल. पोरगी बसलीय."

पोरगी म्हणजे ताई.

नववीच्या परीक्षेला आम्ही तिघी बसलो. केंद्रावरचा हॉल पहिल्या तासाला साधाच होता. मग कुणीतरी एक प्रश्न सोडला आणि त्याचा बाक एक फरशी मागे गेला. दुसऱ्यानं सोडला, त्याचाही. हॉल मागच्या बाजूनं लांबत गेला. धनश्री गणितात अडकली आणि तिच्या कागदांचा आवाज लांब लांब जाऊ लागला. मला सगळं येत होतं. खरंच येत होतं, त्याला मी काय करू? एकेक गोल भरत होते आणि माझा बाक फळ्याच्या जवळ जात होता. मला मजा येत होती, हेही खरं आहे.

मग घडीचा प्रश्न आला. चौपदरी घडी, एक भोक. मी क चा गोल भरायला घेतला. तेवढ्यात फार मागून, हॉल जिथं अंधारा झाला होता तिथून, एक बारीक आवाज आला.

"मॅडम, एक कोरा कागद देता का?"

"बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

"एकच द्या. घडी घालून बघते आणि परत देते."

"बोलायचं नाही सांगितलं ना."

तो आवाज मी कुठंही ओळखला असता. माझ्याकडे कोरा कागद नव्हता. मागे वळलं की पेपर काढून घेतात. मी गोल भरला, काठापर्यंत, कुठं पांढरं राहणार नाही असा. माझा बाक फळ्याला टेकला.

माझी निवड झाली. धनश्रीची आणि मिसबाची नाही. दोघी वेटिंगलाही नव्हत्या, त्यामुळे त्या दुसऱ्याच दिवशी नेहमीसारख्या शाळेत आल्या आणि मिसबा म्हणाली, "जा बाई, कलेक्टर हो." मग ती रडली, मग आम्ही तिघी रडलो, मग धनश्रीनं सगळ्यांना भेळ दिली.

आई-बाबांनी पेढे वाटले. बाबांनी ढेंग टाकताना ताईच्या तोंडात पहिला पेढा घातला. निवडीचं पत्र ताईनं हातात घेतलं, चौपदरी घडी घातली, टक. उलगडून माझ्यापुढे धरलं. चारही भोकांतून मला तीच दिसली.

"बघ," ती म्हणाली. "क."

"ताई, तुला उठावंसं वाटतं का गं?"

"उठले तर जागा जाईल."

"आणि नुसतंच, जागा नसतानाच उठावंसं वाटलं तर?"

तिनं हलती दाढ जिभेनं आत ढकलली, बाहेर ढकलली.

"तू गेलीस की," ती म्हणाली, "माझ्याशी भांडणार कोण? हे दोघं तर माझ्याशी देवळात बोलतात तसं बोलतात."

कागद जमा करायला मी आणि बाबा निवासी शाळेत गेलो. बाबा माझ्या लोखंडी पेटीला कुलूप आणायला बाजारात थांबले. कार्यालयात गायधनी सर एकटेच होते. खिडकीतून मुलींचं वसतिगृह दिसत होतं. ऐंशी खाटा, ऐंशी गाद्या, प्रत्येक गादीवर दुमडलेली चादर.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, मोठ्या माणसाची सही," मी म्हणाले. "आई-बाबाच लागतात का?"

"मोठं माणूस. आई, बाप, काका. मोठा भाऊ, मोठी बहीण. कुणीही."

"मोठी बहीण चालते?"

"चालते."

"मी शिवकन्याची बहीण आहे."

सरांनी वर पाहिलं. मला भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीपाशी उभं केलं. पट्टीवर 'वय अकरा' असं लिहिलेली एक जुनी रेघ होती. ती माझ्या खांद्याखाली आली.

"मोठी आहेस," ते म्हणाले आणि पेन दिलं.

काळं बॉलपेन होतं. मी सही केली. माझी सही या वर्षीच बसलीय, शेवटी एक झोकदार रेघ आहे. ती रेघ मी त्या दिवशी ओढली नाही.

बाबांना वाटेत सांगणार होते. बसमध्ये ते ड्यूटीवर नव्हते, तरी दारापाशीच उभे राहिले आणि चढणाऱ्यांना हात देत राहिले. मी नाही सांगितलं. माझा एवढा मोठा आवाज, तो त्या बसमध्ये कुठं गेला कोण जाणे.

आज सकाळी पेटी बाहेर नेऊन ठेवली. आई बाकामागे उभी राहून ताईच्या वेण्या घालत होती. एक झाली होती, दुसरी अर्धी. बाबा अंगणात पेटी दोरीनं बांधत होते. ताई पेपराची घडी घालत होती. मी आत होते, आणि बाहेर पडायचं तर मला तिच्यावरून ढेंग टाकायची होती.

"काय गं, निघालीस?" ताई म्हणाली. "टाक ढेंग. लाथ लागली तर बघ."

मी पाय उचलला आणि परत खाली ठेवला.

"आई, बाबा," मी म्हणाले, आणि माझा आवाज समोरच्या घरापर्यंत गेला. कोंबड्या थांबल्या. "मी ठरवलंय. मी आज शाळेत जाणार आहे, पण ताईला अशी दारात बसवून नाही जाणार. मी तिचं नाव काढलंय."

बाबांच्या हातातली दोरी सुटली. "तू? तुला कुणी काढू दिलं? सही कुणी केली?"

"मोठ्या बहिणीनं."

ताईनं वर पाहिलं. तिच्या तोंडातून दाढ बाकावर पडली, खडूच्या नंबरावर, आणि टक असा आवाज झाला. मग ती उठली. उठतच राहिली. फ्रॉकची शिवण उसवली, डोकं चौकटीला टेकलं, तरी तिचं उठणं संपेना, आणि आई टाचा उंचावून, हात वर करून, तिची अर्धी वेणी धरून उभी होती.