शिलेदार गल्लीतली हललेली सकाळ

मी काचेची एक पट्टी बोलतेय. वीतभर लांब, त्याहून थोडी कमी रुंद. माझ्या एका अंगावर चांदीचा लेप आहे आणि त्या लेपात बडोद्यातली एक सकाळ धरून ठेवलेली आहे. तुम्ही आता मोबाइलवर फोटो काढता, त्यामुळे माझ्यासारखी वस्तू तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली नसणार. मला उजेडासमोर धरलं तर सगळं उलटं दिसतं. आभाळ काळं, सावल्या पांढऱ्या, पोरासोरांचे केससुद्धा पिकलेले. माझ्यावरून कागदावर छाप उठवली की मग जग सरळ होतं.

माझा खरा जन्म झाला तो रावपुऱ्यामागच्या शिलेदार गल्लीत. देश स्वतंत्र व्हायला अजून दोन वर्षं होती. गल्लीच्या तोंडाशी एक जुनी कमान होती आणि ती पाडायची ठरली होती. पाडण्यापूर्वी तिचा एक फोटो हवा म्हणून जनार्दनपंतांना सांगावा आला. जनार्दनपंत म्हणजे रावपुऱ्यातले छायाचित्रकार. भारी शिस्तीचा माणूस. कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवायला जितका वेळ, तितकाच लोकांना गप्प उभं करायला.

कॅमेरा आला म्हणताच सगळी गल्ली ओट्यांवर जमली. कमानीचं कोरीवकाम स्वच्छ यावं म्हणून पंतांनी भिंगाचं तोंड बारीक केलं होतं, त्यामुळे मला उजेड पाजायला दोन-तीन श्वासांइतका वेळ लागणार होता. कोणी हलायचं नाही, अशी त्यांनी ताकीद दिली आणि डोकं काळ्या कापडाखाली घातलं.

डावीकडच्या घराच्या पायरीवर सात वर्षांची पद्मा उभी होती. तिचे वडील मानसिंगराव सरकारी पागेत घोडेस्वार होते, आणि हुकूम म्हणजे हुकूम हे त्या घरातल्या पोरींना बोलायच्या आधी कळत होतं. ती खांबासारखी ताठ उभी राहिली. पण मग तिनं पाहिलं, की समोर एक बिनडोक्याचा माणूस उभा आहे. तिचा खालचा ओठ थरथरू लागला.

समोरच्या ओट्यावर तिची थोरली बहीण मोहना होती. तिनं ते पाहिलं. कापडाखालून पंतांचा हात बाहेर येऊन भिंगावरचं झाकण निघालं होतं, उजेड माझ्या अंगावर पडत होता, आणि मोहना ओट्यावरून उतरून धाकटीकडे धावली. अर्ध्या वाटेवर तिला ताकीद आठवली असावी, कारण एक पाय टेकून ती क्षणभर थबकली. मग पुन्हा निघाली. ती पद्मापाशी पोचायच्या आत झाकण बसलं.

पंत कापडाखालून बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. मुलांना कमानीपलीकडे हाकललं, दुसरी काच घातली आणि रिकाम्या गल्लीचा चोख फोटो काढला. तो फोटो ज्याला द्यायचा त्याला दिला गेला. मला त्यांनी लाल दिव्याच्या खोलीत रसायनात धुतलं, वाळवलं, न्याहाळलं आणि बिघडलेल्या काचांच्या लाकडी पेटीत उभं करून ठेवलं. टाकून मात्र दिलं नाही. काच टाकणं त्यांच्या जिवावर येई.

त्या पेटीत माझं आयुष्य गेलं. पंत गेले, दुकान गेलं, पेटी इकडून तिकडे फिरत शेवटी त्यांच्या नातवाच्या, तन्मयच्या, हरणी भागातल्या तळमजल्याच्या घरात आली. माळ्यावर जागा नव्हती म्हणून पलंगाखाली सरकवली गेली. मग एका वर्षी विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं आणि सोसायटीत कमरेपर्यंत चढलं. तन्मयनं आधी आईला वर नेलं, मग गॅसचा सिलिंडर, मग कागदपत्रं. आमची आठवण त्याला तिसऱ्या दिवशी झाली, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पेटीत पाणी राहिलं होतं. माझ्या शेजारच्या काचांचा लेप सुटून साय निघावी तसा निघाला. लग्नं, मिरवणुका, दुकानांच्या पाट्या, सगळं त्या गढूळ पाण्यात विरघळलं. मी कोपऱ्यात तिरकी अडकले होते म्हणून वाचले. माझा एक कोपरा तेवढा गेला आणि अंगावर चिखलाचे ठिपके राहिले. घरात जपणं आता आपल्याच्यानं होणार नाही, असं म्हणत तन्मयनं वाचलेल्या काचा जुन्या बडोद्याची छायाचित्रं जमवणाऱ्या एका संग्रहालयाला देऊन टाकल्या.

तिथं आकांक्षा होती. मऊ ब्रशनं तिनं माझा चिखल काढला. बोलायची कमी, पण काच हातात घेताना श्वास आवरून धरायची. शहरातल्या जुन्या रस्त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरायचं होतं, आणि त्याआधी जुन्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवून कुठली गल्ली, कुठलं घर हे विचारून घ्यायचं असं तिनं ठरवलं होतं. माझं यंत्रावर चित्र उतरवलं गेलं. ते साफ करून भिंतभर मोठं छापायचं काम हार्दिककडे होतं. कामात एकदम चोख मुलगा. चिखलाचा एकेक ठिपका त्यानं संगणकावर पुसला, गेलेला कोपरा भरून काढला, आणि त्याच ओघात रस्त्याच्या मधोमध दिसणारा धुरकट पांढरा पट्टाही पुसला. त्या पट्ट्याखाली एक पाऊल दिसत होतं. अंगाशिवाय पाऊल विचित्र दिसतं म्हणून तेही पुसलं.

आलेल्या माणसांत पद्माबाई होत्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या, पाठीत वाकलेल्या, हातात काठी. मनाली, त्यांची मुलगी, त्यांना घेऊन आली होती. शेजारच्या खोलीतल्या टेबलावरून, उघड्या दारातून, मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं.

भिंतीसमोर येताच बाईंनी कमान ओळखली. मग घर ओळखलं, मग पायरी, आणि पायरीवरची स्वतः. मनालीला केवढा आनंद झाला. आईचा लहानपणीचा एकही फोटो तिनं पाहिलेला नव्हता. ती मोबाइल काढून आईला फोटोशेजारी उभं करू लागली. पण बाई उभ्या राहीनात. रस्त्याच्या रिकाम्या जागेकडे त्या पाहत राहिल्या. काठीचं टोक त्यांनी त्या जागेसमोर धरलं.

"इथं कोणीतरी होतं," त्या म्हणाल्या.

मनाली हळूच म्हणाली की आई, ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, होतं असं कधीकधी. बाईंनी काठी खाली घेतली. त्यांना राग आला नव्हता. त्या घाबरल्या होत्या. आपण हे सगळं मनानं रचलं की काय, हा विचार त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा शिवला नव्हता. कारण मोहनाबद्दल विचारायला जगात कोणी उरलंच नव्हतं.

आकांक्षानं खुर्ची दिली. तेव्हा बाई थोडं थोडं सांगू लागल्या, आणि तेव्हाच मलाही पुढचं कळलं. फोटोनंतर दोन महिन्यांत मोहनाला विषमज्वर झाला. अकरा वर्षांची होती. ती गेल्यावर जिजाबाईंनी, म्हणजे आईनं, अन्न सोडलं. नाव जरी निघालं तरी ती भिंतीला डोकं टेकून बसे. मग मानसिंगरावांनी घरात हुकूम केला, की हे नाव पुन्हा काढायचं नाही. तिची परकर-पोलकी वाटून टाकली गेली. आई जगली. पण घरात नाव न काढायची सवय झाली ती झालीच. आई गेली, वडील गेले, पद्माबाईंचं लग्न झालं, मुलं झाली, आणि हुकूम पाळला जात राहिला.

"आई, तुला बहीण होती?" मनालीनं विचारलं.

बाईंनी होकारार्थी मान हलवली. लेकीच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

हार्दिक दारात उभा होता. त्याला मराठी समजत होतं, पण डाग समजून आपण तो काढून टाकला, हे घाईत तो गुजरातीतच बोलला. "बा, ए तो डाघ हतो. में काढी नाख्यो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्याच भाषेत, अगदी शांतपणे म्हणाल्या, "डाघ नथी, दीकरा. मारी बेन छे."

मग आकांक्षा उठली आणि मला घेऊन आली.

खालून उजेड देणाऱ्या टेबलावर तिनं मला ठेवलं. इतक्या वर्षांत माझ्यातून असा उजेड गेला नव्हता. गल्लीच्या मधोमध, समोरच्या ओट्यापासून पायरीच्या दिशेनं, विरत जाणारी एक सावली होती, आणि तिच्या तळाशी स्पष्ट टेकलेलं एक पाऊल. बाई टेबलावर वाकल्या. काठी हातातून सुटून पडली, ती हार्दिकनं उचलून धरून ठेवली.

"तिच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती," बाई म्हणाल्या.

आकांक्षानं भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग खरं ते सांगितलं. पाऊल डावं आहे, करंगळी तशी वाटते, पण चांदीचे कण तिथं इतके विरळ आहेत की खात्री देता येणार नाही. मला खात्री होती. पण काचेला कोण विचारणार?

बाईंना त्याचं काही वाटलं नाही. "राहू दे, पोरी," त्या म्हणाल्या. "कोणीतरी धावतंय ना माझ्याकडे? तेवढं पुरे मला."

हार्दिकनं त्याच आठवड्यात छाप नव्यानं काढली. चिखलाचे ठिपके पुसले, बाकी कशाला हात लावला नाही. खाली काय लिहायचं यावर आकांक्षानं बाईंना घरी जाऊन विचारलं, आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: पायरीवर पद्मा, तिच्याकडे धावत येणारी तिची बहीण मोहना, असं पद्माबाई सांगतात. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी लोक कमानीसमोर थांबत, मग ती ओळ वाचत, मग पुढे झुकून रस्त्याकडे पाहत.

त्या दिवशी पद्माबाई मला पुन्हा भेटून गेल्या. जाताना मनाली त्यांना विचारत होती, की मोहनामावशी दिसायला कशी होती, चिडकी होती का, गाणं म्हणायची का. बाई उत्तरं देत जिना उतरत होत्या. एका पायरीवर त्या हसल्यासारखं वाटलं. पुढचं मला ऐकू आलं नाही.

आता मी कागदाच्या चार घड्यांत, थंड कपाटात, अंधारात असते. वरचेवर उजेडात काढलं तर माझा उरलेला लेप टिकणार नाही, म्हणून मला पाहायला या असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगते. तुमच्याही घरात पलंगाखाली, माळ्यावर, एखाद्या डब्यात जुने फोटो पडलेले असतील. ते साफसूफ करून घ्याल तेव्हा घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा. फोटोत कोण आहे ते तुम्ही विचारालच. कोण नाही, तेही विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर उठून जाऊ नका.