चार नंबरचा अभ्रा

मी एक अभ्रा बोलतोय. हो, उशीचा अभ्रा. नाक मुरडू नका; तुमच्या झोपेबद्दल माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पण आज झोपेचं काढत नाही. मी काही दिवस देशभक्त होतो, ते सांगायचंय.

जुन्या चादरीच्या धडक्या भागातून बाईंनी मला हातानं शिवलं आणि कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्यानं एक फूल भरलं. बाईंचे यजमान पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. नळाला पाणी नाही म्हणून लोक त्यांना दिवसभर बोल लावत. ते मान खाली घालून ऐकत आणि रात्री माझ्यावर डोकं टेकून घोरत. आमचं बरं चाललं होतं.

एके दिवशी यजमानांनी मला कपाटातून चोरलं, बादलीत काळा रंग कालवून बुडवलं आणि कात्रीनं दोन भोकं पाडली. झालं! मी मातृभूमी रक्षक मंडळाचा बुरखा बनलो. बाईंना वाटलं, धोब्यानं हरवला.

मंडळात सहा जण होते. कुणी कुणाचं तोंड पाहायचं नाही, नाव घ्यायचं नाही. ज्याचा चेहरा उघडा पडेल त्याला मरणाची शिक्षा, अशी शपथ होती. अध्यक्ष कोण, हे तर परमगुप्त. फक्त बैठक दंतवैद्याच्या दवाखान्यामागे भरे, खोलीची किल्ली अध्यक्षांकडे असे आणि त्यांच्या बुरख्याला लवंगेच्या तेलाचा वास येई. आमचे यजमान चार नंबर. मला चढवलं की त्यांची मान ताठ होई. घामानं माझा रंग उतरे. मग घरी जाऊन बिचारे साबणानं कान घाशीत बसत.

हसलात ना? मीही हसायचो, पहिल्या खुनापर्यंत.

तो छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी होता. त्याच्या हातून झेंड्याचं चित्र उलटं छापलं गेलं होतं. गोदामामागे सहा जणांनी त्याला घेरलं. त्यानं हात जोडून विचारलं, "काय चुकलं माझं?" कुणालाच चटकन आठवेना. एक जण म्हणाला, "ते... छपाईचं काहीतरी." तेवढ्यावर त्याला मारलं. माझ्यावर रक्त उडालं; काळ्या रंगात ते दिसलं नाही, पण वाळेपर्यंत मला जाणवत राहिलं. त्या दिवशी मला माझीच किळस आली.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी खेद व्यक्त केला. माणूस मेल्याचा नव्हे, आरोप सांगायचा राहिल्याचा. यापुढे आधी आरोप मोठ्यानं सांगायचा, असा ठराव एकमतानं झाला.

मग दुसरं नाव आलं, शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांचं. देशगीतात ज्याला सर्वांत उंच म्हटलंय तो डोंगर शेजारच्या देशातल्या डोंगरापेक्षा बुटका आहे, असं त्यांनी वर्गात सांगितलं होतं. मास्तर म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ. यजमानांचं कपाळ गार पडलेलं मला आतून कळलं. "नको" हा शब्द ओठांपर्यंत आला होता. पण पाच हात वर गेले, आणि मग सहावाही गेला. पहिला वार कुणी करायचा याची चिठ्ठी टाकली, ती निघाली चार नंबरची.

त्या रात्री जेवताना यजमानांनी विचारलं, "तुझा भाऊ सकाळी फिरायला कुठल्या रस्त्यानं जातो गं?"

"तळ्याच्या. का हो?"

"सहज."

सोयरिकीला इतकी वर्षं झाली, पण मेहुण्याची सहज चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. यजमान झोपल्यावर बाईंनी त्यांच्या कोटाचे खिसे चाचपले आणि मी हाती लागलो. त्यांनी मला उलटा केला, काळवंडलेलं फूल ओळखलं. जुळाऱ्याला काळ्या बुरखेवाल्यांनी मारलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बाई भावाकडे धावल्या. तो हसला. "ताई, डोंगराची उंची सांगितली म्हणून कुणी मारतं का?"

बाई घरी आल्या. रात्री यजमान झोपल्यावर त्यांनी सुईत काळा दोरा ओवला, माझी दोन्ही भोकं बारीक टाक्यांनी शिवून टाकली आणि मला होतो तसा खिशात ठेवून दिला.

पहाटे तळ्याकाठी सहा जण सहा झाडांआड लपले. मास्तर दिसताच शीळ वाजली. यजमानांनी मला डोक्यावरून ओढलं आणि समोर काळोख! त्यांनी मला फिरवून पाहिलं, तरी काळोखच. काढावं तर शपथ. तेवढ्यात मागून कुणीतरी ढकललं, "चल, चार नंबर!"

आणि अध्यक्ष ठरावाप्रमाणे सर्वांपुढे येऊन गरजले, "मातृभूमीच्या वतीनं तुझ्यावर असा आरोप आहे की..."

यजमानांनी आवाजाच्या दिशेनं सुरी चालवली. ती लागली अध्यक्षांना, कमरेखाली, मागच्या बाजूला. अध्यक्षांनी मातृभूमीचं नाव टाकलं आणि स्वतःच्या आईचं घेतलं. "दगा! दगा!" करत बाकीचे चौघे पळाले. त्यांच्यामागून अध्यक्षही लंगडत निघाले, पोलिसांच्या नावानं ओरडत.

यजमानांनी मला ओरबाडून काढलं. समोर मास्तर उभे होते.

"भावोजी? तुम्ही?"

यजमानांच्या हातातली सुरी गळून पडली. मग म्हणाले, "हिला सांगू नकोस."

घरी आले तेव्हा बाई ओट्याशी उभ्या होत्या. मागे न वळता त्यांनी विचारलं, "माझा भाऊ घरी पोचला ना?"

मंडळ मोडलं. गावातले एक दंतवैद्य आताशा उभ्यानंच दात काढतात. बाईंनी मला खूप धुतलं. मी राखाडी झालो, पूर्वीसारखा पांढरा काही झालो नाही. त्यांनी मला पुन्हा उशीवर चढवलंय, यजमानांच्याच. शिवलेले दोन्ही डोळे रोज त्यांच्या गालाखाली येतात. दुसरा अभ्रा मागायची त्यांची छाती नाही, आणि घोरणं तर केव्हाच बंद झालंय.

बाईही जाग्याच असतात. मी हरवलो तेव्हाच शोधलं असतं तर, असं पुटपुटतात. जुळाऱ्यालाही एक बहीण होती.

म्हणून बायांनो, हात जोडून सांगतो, घरातला अभ्रा हरवला तर धोब्यावर ढकलून मोकळ्या होऊ नका. आधी घरातले खिसे बघा.