कांबळ्यावरचे हात

थोरलीचा रोजचा एक नेम होता. कामाला हात लावण्याआधी घटकाभर डोळे मिटायचे आणि देवाला सांगायचं, आज माझ्या तोंडून कुणाबद्दल वाकडा शब्द जाणार नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने तो पाळला होता. शेजारणी आपल्या सुनांना तिच्या गोड जिभेचे दाखले देत. मनाचं मात्र त्या नेमात काही ठरलेलं नव्हतं. मनाला रान मोकळं होतं, आणि सध्या त्या रानात एकटी धाकटी जाऊ हिंडत होती.

धाकटीला कारखान्यात आणलं ते थोरलीनेच. "घरात भिंती बघत काय बसतेस, चल माझ्याबरोबर," असं म्हणून. तिथे जर्मेनियमची भिंगं आणि खिडक्या घडत. दिसायला हे जर्मेनियम म्हणजे पोलादाचा तुकडाच, करडा, चकचकीत. आपल्या डोळ्यांना त्यातून पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. पण काचेतून जसा उजेड जातो तशी त्यातून ऊब जाते. म्हणून ऊब पाहणारे कॅमेरे असतात ना, त्यांना डोळे याचे लागतात. हे डोळे घासून घासून थोरलीच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती.

धाकटीने मात्र काम उचललं ते बघता बघता. हात हलका, कान तिखट. घासताना आवाज जरा बदलला की थांबायची. मास्तर, म्हणजे पॉलिशच्या खात्याचे जुने प्रमुख, तिच्या पाठीमागे उभे राहून मान डोलवायचे. घरी सासूबाईंचं तेच, "धाकटीचा हात म्हणजे हात आहे हो!" थोरली हसून म्हणायची, "आहेच मुळी." नेम मोडत नव्हता. आत नुसती आग आग होत होती.

मास्तरांचे डोळे अधू झाले होते. घरी बसण्याआधी त्यांना आपलं टेबल कुणाच्या तरी हाती द्यायचं होतं, आणि एक मोठी खिडकी, ताटाएवढी, नुकतीच कामाला आली होती. ती जी तडीस नेईल तिचं टेबल, हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं. थोरलीने मनातल्या मनात त्या टेबलावर आपला चष्मासुद्धा ठेवून पाहिला होता.

"खिडकी धाकट्या बाई करतील," मास्तर सकाळी म्हणाले.

"अहो, पण ताई असताना मी कशी..." धाकटी कावरीबावरी झाली.

"कर गं," थोरली म्हणाली. "माझी कंबर तरी सुटली." सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता जीभ चावली गेली.

घासण्याआधी खिडकी लोखंडी बैठकीवर चिकटवतात. विजेच्या तव्यावर बैठक ठेवून तिच्यावर राळ आणि मेण पातळ करायचं, त्यात खिडकी बसवायची, आणि तवा बंद करून वर जाड कांबळं टाकायचं. मग ते आपल्या आपण, सावकाश, सगळीकडून सारखं निवलं पाहिजे. मास्तर म्हणायचे, "जर्मेनियम माझ्या सासूसारखं आहे. एकदम वारं लागलं की बिनसलंच." धाकटीने खिडकी बसवली, कांबळं चारी बाजूंनी नीट खोचलं, आणि बाकीचे जेवायला गेले. धाकटीला तेवढ्यात शेजारच्या चाचणीच्या खोलीतून बोलावणं आलं. कॅमेरेवाल्याला जेवून यायचं होतं, तोवर पडद्याकडे लक्ष ठेवा, म्हणाला. इतक्या वर्षांत त्या खोलीत थोरलीला कधी कुणी बोलावलं नव्हतं.

थोरलीने आपल्या जागीच डबा उघडला आणि तसाच झाकला. उठली. तव्यापाशी गेली. वरच्या झरोक्यातून थंड हवेचा झोत येत होता. त्या बाजूचं कांबळ्याचं टोक तिने चिमटीत धरलं.

आपण हे का करतोय, असं तिने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर हात थांबला असता. तिने टोक वर उचललं आणि धरून ठेवलं. खालून राळेचा गरम वास आला. थंड झोत आत शिरताना तिच्या मनगटाला लागला.

समोरच्या भिंतीत एक काळसर चकती बसवलेली होती. येताजाता थोरली तिच्यात बघून केस सारखे करायची. आत्ताही नजर तिकडे गेली, आणि चकतीत एक बाई दिसली. ओठ आवळलेले, नाकपुड्या फुललेल्या. तिला आधी ओळखच पटली नाही. मग पटली.

"देवा!" तिने कांबळं झटक्यात खाली टाकलं, कडा खोचल्या आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं, ताप चढलेल्या लेकराला धरावं तसं.

चाचणीच्या खोलीचं दार किलकिलं झालं. "ताई," धाकटी म्हणाली, "जरा आत येता?"

आत अंधार होता. पडद्यावर करड्या सावल्या होत्या: टेबलं, नळ, खुर्च्या. मधोमध तव्याची उजळ कडा, आणि कांबळ्यावर दोन हात. नुसते हात, बाई नाही. जिथे दाबलं होतं तिथे ऊब वर आलेली, दाही बोटं सुटी सुटी.

थोरलीने भिंतीकडे पाहिलं. कॅमेरा तिथल्या चकतीला डोळा लावून होता. भिंतीतली ती चकती जर्मेनियमची होती. तिनेच घासली होती, कधीकाळी, तिच्या हातचं सगळ्यांत स्वच्छ काम. या बाजूने आरसा म्हणून वापरता वापरता ती खिडकी आहे, हेच ती विसरून गेली होती.

"उघडलंत ते पाहिलं," धाकटी हळूच म्हणाली. "झाकलंत तेही पाहिलं. मास्तर येईपर्यंत हात पुसले जातील बघा. मी नाही बोलायची कुणाजवळ."

आणि काय सांगावं, त्याही क्षणी थोरलीला वाटलं ते हेच, की मोठेपणा घ्यायचा तोही हिनेच!

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. धाकटीला हे काम नवं. पुन्हा झाकलं की झालं, असं ती समजत होती. पण एका बाजूची राळ आधी आवळली होती आणि खिडकीला ओढ बसली होती. बैठकीवर असेतो घासकाम सरळच दिसेल. सुटी केली की ती ओढ सुटेल आणि खिडकी वाकडी होईल. कुणाला कारण कळणार नाही. धाकटीचा हात कच्चा, एवढंच म्हणतील. थोरलीला काही म्हणजे काही करावं लागणार नव्हतं. फक्त तोंडून शब्द जाऊ द्यायचा नाही. नेम पाळणं इतकं सोपं कधीच नव्हतं.

पडद्यावरची बोटं एकमेकांत मिसळली, मग विरली.

"काय, जावाजावांची खलबतं?" मास्तर दात कोरत दारात उभे होते.

"मास्तर, तवा पुन्हा लावावा लागेल," थोरली म्हणाली. "कांबळं मी उघडलं होतं. झोताच्या बाजूने."

"चुकून?"

धाकटीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत 'हो म्हणा' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

"नाही. माझा जळफळाट झाला होता."

मास्तर दात कोरायची काडी खिशात ठेवत म्हणाले, "तवा लावा. राळ पातळ होऊ दे, पहिल्यापासून निववू. खिडकी धाकट्या बाईंची, टेबलही त्यांचंच, ते आत्ताच सांगून ठेवतो. आणि थोरल्या बाई, निवेपर्यंत तुम्ही शेजारी बसायचं. राखणीला."

"राखणीला मी?"

"मग कोण? कांबळं उचललं की काय होतं, हे तुमच्याहून जास्त कुणाला कळतं?"

तवा तापला, बंद झाला. कांबळं यावेळी दोघींनी मिळून खोचलं. धाकटीने स्टूल आणून ठेवलं, पाण्याचा पेला ठेवला, आणि पुन्हा आत गेली. थोरली बसली. आतली आग विझली होती असं नाही. टेबल तिथेच समोर होतं, आणि त्यावर उद्यापासून दुसरीचा चष्मा असणार होता. भिंतीतल्या चकतीकडे तिने पाहिलं. आता पलीकडे कोण आहे ते माहीत होतं. केसांकडे गेलेला हात तिने खाली घेतला.

दार पुन्हा किलकिलं झालं. "ताई, रागावू नका, पण पडद्यावर तुमचं डोकं तव्याहून तापलेलं दिसतंय हो!"

"दिसू दे," थोरली म्हणाली. "एकदम वारं घालू नकोस. निवेल आपल्या आपण."