दुखणं पॅडलचं नव्हतं

मी पायानं चालवायची शिलाई मशीन बोलतेय. सुरुवातीलाच सांगून टाकते, माझ्यावर आठ महिने जो आळ होता तो साफ खोटा होता. टेलरबाईंचा पाय मी दुखवला नाही. आता ते सगळ्यांना पटलंय, पण माझी माफी अजून कुणी मागितलेली नाही. म्हणून ही कैफियत.

माझा जन्म कारखान्यातला, अंग ओतीव लोखंडाचं. पहिला मालक कोट शिवणारा म्हातारा. तोंडात टाचण्या धरून तो मला शिव्या घालायचा आणि दर शनिवारी मऊ फडक्यानं पुसायचा. नजर अधू झाली तेव्हा त्यानं मला आपल्या हाताखालच्या मुलीला देऊन टाकलं. "तुझ्याकडे ती कमी कटकट करते," म्हणाला. तीच मुलगी पुढे टेलरबाई झाली. आमची सोबत चौतीस वर्षांची.

घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली माझी जागा. शाळेचे गणवेश, पडदे, कोटाची अस्तरं, आखूड करायच्या पँटी, काय नाही शिवलं आम्ही! माणसं माप देताना पोट आत घेतात, मग कपडा घट्ट झाला की बाईंना बोलतात आणि बाई मला. असो.

बाईंचे यजमान लेथवर टर्नर होते, आता निवृत्त. यंत्र कुरकुरलं की आधी तेल, मग पाना, ही त्यांची शिस्त. पंखा, नळ, शेजाऱ्यांच्या सायकली, कशालाही हात लावायला तयार. म्हणूनच एके दिवशी उजवी मांडी चोळत बाई म्हणाल्या, "अहो, पॅडल जड झालंय हिचं," तेव्हा त्यांना आनंदच झाला.

तेल झालं. पट्टा बदलला. बेअरिंग बदलली. जुन्या कारखान्यात जाऊन स्वतः पिन कातून आणली. पॅडलखाली लाकडी फळी बसवली, खुर्चीचे पाय दोन बोटं कापले. दर वेळी म्हणायचे, "आता बघ, लोण्यासारखी चालेल." आणि मी चालायचेही लोण्यासारखी. बाईंची मांडी मात्र गुडघ्याच्या वर ठणकतच राहायची.

आता मला सांगा, संध्याकाळी सातला माझ्यावर झाकण पडतं. त्यानंतर मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग पहाटे पहाटे त्याच मांडीला हात लावून बाई खोलीत येरझाऱ्या का घालायच्या? रविवारी मला सुट्टी असायची, दुखण्याला नसायची. एवढं साधं कुणाच्या लक्षात येऊ नये? शेजारीण म्हणाली, वय झालं. औषधाच्या दुकानदारानं मलम दिलं. बाई मलम लावून पुन्हा माझ्याकडेच डोळे वटारून बघायच्या. मला वाचा असती तर ओरडले असते.

शेवटी बाईंनी स्वतःच चूक पकडली. सकाळी पायजमा चढवताना उजवीकडे तो मांडीत अडकला.

"आटला असेल कपडा," यजमान म्हणाले.

"एकच पाय आटतो का हो?"

आणि त्यांनी गळ्यातला टेप काढला. डावी मांडी मापली, उजवी मापली, पुन्हा दोन्ही मापल्या. दीड इंचाचा फरक. हजारो माणसांची मापं घेतलेली बाई. स्वतःचं माप घ्यायला आठ महिने लागले. टेप गुंडाळून त्यांनी माझ्यावर ठेवला. त्या दिवशी प्रथमच त्यांनी मला दोष दिला नाही.

दवाखान्यात मी काही गेले नाही. एक्स-रे झाला, स्कॅन झालं, हाडात सुई घालून तुकडा तपासायला काढला, हे सगळं मला घरातल्या बोलण्यातून कळलं. लेकीनं शेवटी याच खोलीत आईवडिलांना समोर बसवून नीट सांगितलं.

"आई, हाडाचा कॅन्सर आहे. कूर्चेच्या पेशींचा. हा बहुतेक चाळिशीनंतरच्या माणसांना होतो. याला किमोचा फारसा उपयोग नसतो, ऑपरेशनच करावं लागतं. पुष्कळांचा पाय वाचवता येतो, नुसतं हाड बदलतात. पण तुझी गाठ रक्तवाहिनीला आणि नसेला वेढून बसलीये. पाय मांडीतून काढावा लागेल."

यजमानांनी विचारलं, "आधी आलो असतो तर?"

"मी डॉक्टरांना विचारलं, बाबा. कदाचित वाचला असता म्हणाले. नक्की सांगता येत नाही."

"आणि मी तेल घालत बसलो," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

बाईंचे डोळे कोरडे होते. "तुम्हाला जे दुरुस्त करता येत होतं ते तुम्ही केलंत. पॅडल जड झालंय म्हणून मीच तर सांगत होते." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "पाय हवाय ना त्या रोगाला? घेऊन जा म्हणावं. बाकीची मी द्यायची नाही."

ऑपरेशन झालं. बाई घरी आल्या, कुबड्यांवर चालायला शिकू लागल्या. यजमानांना मात्र मी डोळ्यांसमोर नको झाले. एका दुपारी त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं मला उचललंसुद्धा. मी घाबरले, खोटं कशाला बोलू?

दारात कुबड्यांचा आवाज झाला. "ठेवा खाली."

"अगं, नवी मोटरची आणतो. नुसता पाय टेकवला की चालते."

"आणा की. पण आधी हिच्यावर बसणार. मला काय जमतंय ते मला बघू दे."

"पडशील!"

"पडले तर उचला. इतके दिवस मशीनच उचलत होतात."

भंगारवाला हसत हसत निघून गेला.

एका पायानं मला चालवणं सोपं नाही. टाच दाबायची, मग चवडा, पुन्हा टाच. ताल चुकला की चाक उलटं फिरतं आणि मी दोरा तोडते. मी दयामाया दाखवली नाही, ती मला जमत नाही. पहिल्या दिवशी अकरा वेळा दोरा तुटला. बाई चिडायच्या, घामाघूम व्हायच्या, पुन्हा सुई ओवायच्या. नसलेला पाय अजून पॅडल मारायला निघतो, म्हणायच्या, आणि त्याच्यावरही ओरडायच्या.

चौथ्या दिवशी यजमान गुपचूप माझ्याखाली शिरले. पॅडल डावीकडे सरकवलं, चवडा अडकवायला चामड्याचा पट्टा लावला. त्यांच्या आजवरच्या दुरुस्त्यांमधली ही पहिली कामाची. त्या आठवड्यात बाईंनी आपल्या सगळ्या पायजम्यांचे उजवे पाय कापले आणि त्यांना दुमड घातली. लेक म्हणाली, मी करते. "माझे कपडे दुसऱ्या कुणी आजवर शिवलेत का?" असं उत्तर तिला मिळालं.

अजून धोका टळलेला नाही. हा रोग फुप्फुसात जाऊ शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी छातीचं स्कॅन असतं. त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. मीच काय ती खडखडते.

तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. जे दुखणं विश्रांतीतही थांबत नाही, झोपेतून उठवतं, त्याचं खापर मशीनवर, चपलेवर, वयावर फोडू नका. आम्ही बिचाऱ्या वस्तू, उलट उत्तर देत नाही म्हणून आमच्यावर ढकलणं सोपं. डॉक्टरला दाखवा. एक्स-रे काढा. मग हवं तर मला शिव्या द्या.

चला, मला काम आहे. शाळेच्या मुख्याध्यापिका आल्यात, चाळीस गणवेश हवेत त्यांना.

"पण तुमचं स्कॅन आहे ना बुधवारी?" त्या चाचरत विचारतायत. "दुसरीकडे देऊ का?"

"बुधवारी स्कॅन. शुक्रवारी गणवेश घेऊन जा."

"आणि बुधवारी काही निघालं तर?"

बाईंनी दोरा दातानं तोडला. "तर शनिवारी या."