कुणाचंही मन न दुखवणारी प्रार्थना

स्काउट पथकाच्या शिबिरात रविवारी सकाळी सगळ्या धर्मांच्या मुलांनी मिळून पंधरा मिनिटं आत्मचिंतन करायचं, असं वरून पत्र आलं. ते काम च्वांग बाईंच्या गळ्यात पडलं. तैवानमधल्या ह्वालिएनच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, आणि नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

प्रार्थना लिहायला तीन पालकांची समिती बसली. पहिल्याच ओळीवर गाडी अडली.

"'हे प्रभू' लिहा की," चर्चचे केह म्हणाले.

"म्हणजे आमच्या माझूआईनं बाहेर उभं राहायचं का?" स्यू बाईंनी विचारलं. समुद्रदेवी माझूच्या देवळाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता.

"'हे निसर्गा' लिहू का?" च्वांग बाईंनी घाबरत सुचवलं.

"निसर्गाला कान असतात?" फांग सर म्हणाले. समितीतले हे तिसरे पालक विज्ञान शिकवायचे आणि देव मानत नसत. हे ते भेटेल त्याला सांगत.

चार बैठका झाल्या. उदबत्ती गेली, मेणबत्ती गेली. मांडी घातली तर ध्यान वाटतं, उभं राहिलं तर चर्च वाटतं, म्हणून मुलांनी अर्धवट उकिडवं बसावं असं ठरलं. शेवटी उरली ती एकच ओळ: 'संबंधित सर्वांचे आभार.' च्वांग बाईंनी ती सुवाच्य अक्षरात लिहून काढली. आपण भूगोलाच्या बाई आहोत की नगरपालिकेच्या कारकून, असं त्यांच्या मनात आलं.

शनिवारी तंबू ठोकताना फांग सरांनी वेगळाच घोळ घातला. डोंगराचा उतार त्यांनी दोनदा निरखला आणि उभे केलेले सगळे तंबू उपटून नदीकडच्या मोकळ्या जागेत न्यायला लावले. दमलेली मुलं जेवणापर्यंत त्यांच्या नावानं कुरकुरत होती.

रविवारी तेवीस मुलं उकिडवी बसली. तिघे पालक समोर खुर्च्यांवर. च्वांग बाईंनी ओळ वाचली.

"बाई, संबंधित म्हणजे कोण?" एका चिमुरडीनं विचारलं.

बाईंनी कागद उलटून पाहिला, तेवढ्यात जमीन हलली. आधी थरथर, मग चांगलाच हिसका. मुलं शिकवल्याप्रमाणे डोकं झाकून खाली वाकली. खुर्च्या कलंडल्या. केहकाकांनी प्रभूचा धावा केला, स्यू बाईंनी केहकाकांचा दंड पकडला, आणि सगळ्यांहून मोठ्यानं ओरडले ते फांग सर: "माझूआई, वाचव गं!"

डोंगरावरून दगड गडगडत आले. काल दुपारी जिथं तंबू होते तिथंच येऊन पडले.

धूळ बसली. पनाय नावाची, अमिस या आदिवासी जमातीतली मुलगी पथकाची नायिका होती. तिनं सगळ्यांची डोकी मोजली. तेवीसच्या तेवीस.

"मी आधी फांग सरांचे आभार मानते," ती म्हणाली. "त्यांनी तंबू हलवले नसते तर... आणि मग माझ्या आजोबांचे. ते वारलेत, पण या डोंगरात असतात."

मग कुणी प्रभूचे मानले, कुणी माझूचे, कुणी आईचे. चिमुरडीनं भाताच्या पेजेचं पातेलं सांडलं नाही म्हणून पातेल्याचेच मानले. कुणी उभं होतं, कुणी मांडी घालून बसलं होतं. समितीनं कुणालाच अडवलं नाही. च्वांग बाईंना रडू आवरेना. हातातल्या कागदाला त्यांनी खुशाल नाक पुसलं.

न्याहारीच्या वेळी फांग सर खाली मान घालून बसले होते.

"ती लहानपणची सवय हो," ते पुटपुटले. "शिंक येते तसं तोंडातून निघालं."

"निघू दे की," स्यू बाई म्हणाल्या. "मी नाही का त्या गडबडीत केहसाहेबांना धरलं? देवीला विसरलेच!" आणि त्यांनी सरांच्या ताटलीत आणखी एक वाफाळता पाव ठेवला.